पाच हार्ड डिस्कवर पसरलेला गाण्यांचा संग्रह कसा आवरायचा?

प्रश्न थोडक्यात असा: घरात पाच एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहेत. दोन २ टीबीच्या, दोन १ टीबीच्या आणि एक जुनी ५०० जीबीची. वडिलांच्या साधारण ४०० कॅसेटींपैकी निम्म्या डिजिटल झाल्यात. त्याशिवाय तीनेकशे सीडी, ओळखीच्यांकडून पेन ड्राइव्हवर आलेल्या एमपी३, रेडिओवरून उतरवलेल्या मैफली. एकच गाणं तीन डिस्कवर तीन नावांनी आहे. प्लेअरमध्ये निम्म्या गाण्यांपुढे उद्गारचिन्ह येतं. ५०० जीबीची डिस्क अधूनमधून टिकटिक करते. ८ टीबीची एक मोठी डिस्क घेऊन सगळं तिच्यात ओतावं का, आणि डुप्लिकेट काढायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

टिकटिकीपासून सुरुवात करतो, कारण ती डिस्क तुमची वाट बघणार नाही. ती डिस्क आत्ता काढून ठेवा. आधी फक्त केबल बदलून बघा. या छोट्या डिस्कची चपटी, रुंद यूएसबी पिन सैल होते आणि वीज नीट पोचली नाही तरी डिस्क टिकटिकते, मध्येच गायब होते. माझ्याकडे ‘गेलेली’ म्हणून येणाऱ्या कितीतरी डिस्क दुसऱ्या केबलवर बिनतक्रार चालतात. चांगली केबल, संगणकाच्या मागचं थेट पोर्ट (हब नको) आणि तरीही आवाज आला, तर मात्र थांबायचं. विंडोज ‘डिस्क दुरुस्त करू का’ असं विचारेल. नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी लिहिणं. तिच्यावर वडिलांच्या कॅसेटींची दुसरीकडे नसलेली रेकॉर्डिंग असतील, तर डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे जा. स्वतःच करायचं असेल, तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (म्हणजे बाइट न बाइट नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मग त्या प्रतिमेशी खेळा. हा प्रोग्राम आधी नीट वाचता येणारा भाग उचलतो, अडलेले भाग शेवटी घेतो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला, तर त्यांना आंबे ठेवायला सांगा.

उरलेल्या चार डिस्कवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम चालवा. फुकट आहे. त्यात दोनच आकडे बघा: खराब झाले म्हणून बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि बदलायचे बाकी असलेले सेक्टर. दोन्ही शून्य असतील तर पुढे चला. दुसरा आकडा शून्य नसेल, तर तिच्यावरचा माल आजच हलवा. यूएसबीच्या काही डब्या ही माहिती बाहेरच देत नाहीत. तशा डिस्कवर मी मूळ प्रत ठेवत नाही.

आता ८ टीबीचं. नको. आधी गणित करू. कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरवली, तर मिनिटाला साधारण १७ एमबी होतात. सी-९० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटं, म्हणजे दीड जीबी. फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) दाबल्यावर टेपचा सूं आवाज धरून १ जीबीच्या आसपास. (टेपवरचा तो सूं फारसा दबत नाही, म्हणून कॅसेटच्या फ्लॅक सीडीच्या मानाने जाड होतात.) ४०० कॅसेटी सगळ्या सी-९० धरल्या, तरी ४०० जीबी. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, फ्लॅकमध्ये एकीचे ३५०-४०० एमबी, म्हणजे ३०० सीडींचे सव्वाशे जीबीपेक्षा कमी. एमपी३ तर ३२० केबीपीएसची असली तरी मिनिटाला अडीच एमबीसुद्धा नाही. तुमचा सगळा संसार एका २ टीबीच्या डिस्कवर आरामात बसतो. पाच डिस्क अडल्यात त्या गाण्यांनी नाही, त्याच त्या गाण्यांच्या प्रतींनी. मोठी डिस्क घेतलीत तर हाच पसारा मोठ्या खोलीत जाईल, आणि ती खोली एकच असेल.

तेव्हा पैसे खर्च करायचे असतील, तर २ किंवा ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक मूळ, दुसरी तिची प्रत. तुमच्या जुन्या २ टीबींपैकी जी जास्त धडधाकट असेल, ती तिसरी प्रत म्हणून दुसऱ्या घरी जाईल. त्याबद्दल पुढे.

नवी डिस्क भरताना एका गोष्टीने घाबरू नका. सुरुवातीला फाइली झरझर जातील आणि मग वेग एकदम पडेल. खिशात मावणाऱ्या बहुतेक डिस्कमध्ये आता डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. थोडी जागा मोकळी राखून तिथे आधी पटकन लिहायचं आणि मग सावकाश कौलं शाकारायची, अशी त्यांची रीत. ती जागा भरली की डिस्क दम खाते. ‘अडकली वाटतं’ म्हणून केबल ओढणारे माझे मित्रच जास्त आहेत. रात्रभर चालू द्या, आणि वीज जाणाऱ्या गावात असाल तर यूपीएसवर. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली असेल, तर ही काळजी दुप्पट घ्या. एक्सफॅटमध्ये लिहिता लिहिता वीज गेली, तर काय अर्धवट राहिलं याची नोंद नसते. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएसच ठेवा.

उद्गारचिन्हांचं कारण साधं आहे. प्लेअर गाणं ओळखत नाही, पत्ता ओळखतो. विंडोजमध्ये आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या पेन ड्राइव्ह आधी लावला की ‘एफ’ होते आणि सगळे पत्ते चुकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मूळ डिस्कला एकदाच ‘एम’ हे अक्षर देऊन टाका. वर्णमालेतलं मागचं कुठलंही चालेल, ई-एफ सोडून. मॅकवर पत्ता डिस्कच्या नावावरून ठरतो, म्हणून पाचही डिस्कची नावं ‘म्युझिक’ ठेवू नयेत. हे मी पाहिलेलं आहे. अक्षर पक्कं झालं की फूबार२००० किंवा म्युझिकबी, जे वापरत असाल त्याला तो एकच फोल्डर दाखवा.

संग्रह कधी खरोखरच एका डिस्कवर मावेनासा झाला, तर गायकांच्या आद्याक्षरांवरून तोडू नका. सगळे तसंच करतात आणि मग ‘म’ भरला की रडतात. मी बंद आणि चालू असे दोन भाग करतो. कॅसेटवरून उतरवलेली कच्ची, न कापलेली ध्वनिमुद्रणं हा बंद भाग. त्याला पुन्हा हात लागत नाही, त्याची प्रत एकदाच घ्यायची आणि वर्षातून एकदा तपासायची. कापलेली, टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गायक-गाण्याची माहिती) लावलेली, रोज ऐकायची गाणी हा चालू भाग, आणि त्याची प्रत दर आठवड्याला. दोन्ही वेगळ्या डिस्कवर गेले, तरी विंडोजला दुसरी डिस्क पहिलीवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये जोडून दाखवता येते (ज्या डिस्कवर फोल्डर आहे ती एनटीएफएस हवी). म्हणजे प्लेअरला सगळं एकाच झाडाखाली दिसतं.

आता डुप्लिकेट. इथे जरा रेंगाळतो, कारण लोकांचे संग्रह इथेच बुडतात, आणि तेही आवरता आवरता.

फाइल अगदी बाइट न बाइट सारखी असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर ती सांगेल आणि एक उडवायला हरकत नाही. फ्लॅकमध्ये आणखी एक सोय आहे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आतल्या आवाजाचा एमडी५ ठसा लिहिलेला असतो. टॅग बदलले, नाव बदललं, चित्र डकवलं, तरी हा ठसा बदलत नाही. दोन फाइलींचा ठसा एक म्हणजे आवाज एक. इथवर यंत्राचं काम.

यापुढे मात्र यंत्रावर सोपवू नका. चित्रपटगीतांसाठी बनवलेली सॉफ्टवेअर ‘गायक तोच, नाव तेच, लांबी जवळपास तीच’ म्हणजे डुप्लिकेट असं धरतात. आपल्याकडे एकाच गायकाचा यमन, तीच बंदिश, दहा मैफलींत दहा तऱ्हांनी असतो. तो डुप्लिकेट कसा होईल? आणि समजा मैफल खरोखर एकच आहे, दोन वेगळ्या रसिकांनी दोन वेगळ्या टेपांवर उतरवलेली. तरीही थांबा. कॅसेटची बाजू ४५ मिनिटांची. विलंबित रंगला की द्रुत अर्ध्यात असतानाच टेप खटकन संपायची, आणि पालटून पुन्हा बटण दाबेपर्यंत दोन-तीन आवर्तनं गेलेली असायची. दुसऱ्या माणसाने टेप पाच मिनिटं उशिरा सुरू केलेली, म्हणून त्याची बाजू वेगळ्या जागी संपलेली. एकीत जे तुटलंय ते दुसरीत सलग आहे. ‘जास्त बिटरेटची ठेवा, दुसरी काढा’ असं म्हणत सॉफ्टवेअर नेमकी तीच उडवतं.

पट्टीही तपासा. टेपरेकॉर्डर जरा जलद चालणारा असेल, तर काळी एकचा गायक पांढरी दोनला जाऊन बसतो. दोन प्रतींमध्ये अर्ध्या स्वराचा फरक निघाला, तर तानपुऱ्याच्या ॲपवर किंवा पेटीवर षड्ज लावून बघा आणि त्याच काळातल्या, छापील माहिती असलेल्या त्या गायकाच्या ध्वनिमुद्रणाशी ताडा. खरी गती कोणती ते कळतं. गती नंतर सुधारता येते. पण मूळ प्रतीवर नाही, तिच्या नकलेवर सुधारायची. मी अशा जोड्या ‘ऐकायचंय’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलतो. त्यात सध्या काय काय आहे ते विचारू नका.

एमपी३बद्दल एकच. ती फ्लॅकमध्ये रूपांतरित करून ‘दर्जा वाढवू’ नका. एकदा फेकलेला आवाज परत येत नाही, फक्त जागा खाल्ली जाते. कोणी दिलेली फ्लॅक खरी आहे का अशी शंका आली, तर स्पेकसारख्या प्रोग्राममध्ये तिचा वर्णपट उघडून बघा. सोळा किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सपाट काळं दिसलं, तर ती बहुधा १२८ केबीपीएसच्या एमपी३ला फ्लॅकचा सदरा घातलेली आहे. जुन्या कॅसेटीतही वरचे सूर कमी असतात, पण ते हळूहळू विरत जातात, असे कापलेले नसतात.

नावं आणि टॅग. पहिला नियम: ‘पं.’ आणि ‘उस्ताद’ काढा. आदर मनात ठेवा. नाहीतर निम्मा संग्रह ‘प’खाली आणि उरलेला ‘उ’खाली जमतो, आणि कोणीतरी ‘पंडित’ असं पूर्ण लिहिलेलं असतं, तो तिसरा गट. भीमसेन जोशी एकच, पण माझ्याकडे आलेल्या एका संग्रहात ते प्लेअरला सात जण वाटत होते. फोल्डरचं नाव मी रोमन लिपीत आणि छोटं ठेवतो, टॅग मात्र देवनागरीत. भाषेवरचं प्रेम कमी म्हणून नाही, तर तीन अनुभवांमुळे. गाडीतल्या प्लेअरवर देवनागरी नावांचे चौकोन होतात. नंतर कधी लिनक्सवर चालणारा घरगुती सर्व्हर घेतला, तर त्यावर फाइलच्या नावाला बहुधा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं, आणि राग-ताल-बंदिश-गाव-तारीख लिहिणाऱ्या माणसाला ते पुरत नाही. तिसरा अनुभव आपल्या ‘ऱ्या’चा. ‘साताऱ्याची मैफल’ हे नाव जुन्या मॅकच्या डिस्कवर गेलं की तिथे ‘ऱ’ हे एक अक्षर न राहता र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे होतात. दिसायला तसूभर फरक नाही. तोच फोल्डर परत विंडोजच्या डिस्कवर आणून प्रतींची तुलना केली, की प्रोग्राम म्हणतो हे दोन वेगळे फोल्डर. एकदा मी दोन दिवस ‘डुप्लिकेट’ शोधत होतो, ते सगळे सातारा, कऱ्हाड आणि किनाऱ्यावरचे होते. ‘ॲ’चंही तसंच, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि शोधताना एकच सापडतो.

टॅगसाठी एमपी३टॅग वापरा. नाव काहीही असो, फ्लॅकवरही चालतं. प्रकाशित सीडी आणि चित्रपटगीतांसाठी म्युझिकब्रेंझ पिकार्ड आवाजाच्या ठशावरून माहिती आणतो, वेळ वाचतो. मैफलींवर मात्र तो सोडू नका. त्याला काही सापडलं नाही तर ठीक, पण काहीतरी ‘सापडलं’ तर जास्त नुकसान. मैफलीसाठी मी अल्बमच्या जागी तारीख आणि गाव लिहितो, तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीत लागते. गाण्याच्या नावात राग आणि बंदिशीचा मुखडा. राग, ताल, तबला, पेटी, आणि कुठून मिळालं (कॅसेट, स्पूल, रेडिओ, कोणाच्या प्रतीची प्रत) यांचे वेगळे रकाने स्वतः तयार करायचे. फ्लॅकमध्ये हवे तेवढे रकाने करता येतात. नक्की वर्ष माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडा. अंदाजाने टाकलेलं वर्ष पाच वर्षांनी पुरावा होऊन बसतं.

प्रती घेण्याबद्दल बोलताना माझी फजिती सांगायलाच हवी. २०१४ साली एका कीर्तनसंग्रहाचं काम करत होतो. दोन सारख्याच दिसणाऱ्या काळ्या डिस्क, रात्रीचे साडेअकरा. एकीवरून दुसरीवर ‘मिरर’ करायचं होतं. मिरर म्हणजे डावीकडे जे आहे ते उजवीकडे आण, आणि डावीकडे जे नाही ते उजवीकडून काढून टाक. रिकामी डिस्क डावीकडे होती. प्रोग्रामने अत्यंत प्रामाणिकपणे भरलेली डिस्क रिकामी केली, चहा होईपर्यंत काम संपलं होतं. लगेच थांबलो आणि काही न लिहिता परत मिळवायला घेतलं, म्हणून बहुतेक आलं. अकरा फाइली आल्या नाहीत, आणि त्यांतल्या चारांची कॅसेटही तोवर बुरशीने गेलेली होती.

तेव्हापासून डिस्कवर पांढऱ्या पट्टीवर मार्करने ‘मूळ’, ‘प्रत १’, ‘प्रत २’ लिहिलेलं असतं, आणि संगणकातही तीच नावं. फ्रीफाइलसिंक वापरत असाल, तर ‘मिरर’ऐवजी ‘अपडेट’ निवडा. ते नवं-बदललेलं पोचवतं, काही काढत नाही. शिवाय पुसल्या जाणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. आणि काय होणार आहे याची यादी आधी वाचा. त्यात ‘काढणार’खाली शेकडोंचा आकडा दिसला, तर हात वर.

प्रत झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही. टेराकॉपीला कॉपी झाल्यावर पडताळायला सांगता येतं, वेळ जातो पण जाऊ द्या. फ्लॅकच्या बाबतीत तो आतला ठसा इथेही कामी येतो: फ्लॅकच्या प्रोग्रामला ‘तपास’ म्हटलं की तो प्रत्येक फाइल उलगडून ठशाशी जुळवतो आणि कोणती सडली ते नावानिशी सांगतो. मी दिवाळीच्या सुट्टीत एकदा सगळ्यांवर चालवतो. एमपी३त असा ठसा नसतो, तिथे फोल्डरागणिक चेकसमची (म्हणजे अशाच ठशांची) वेगळी फाइल करून ठेवावी लागते.

तिसरी प्रत दुसऱ्या घरी. तुमच्या घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली, तर मूळ आणि प्रत १ एकाच कपाटातून जातील. माझी प्रत २ बहिणीकडे असते; भाऊबीजेला जुनी येते, नवी जाते. वर्षभर मागे असते, पण बंद भागाला ते पुरतं. सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेवा, कोकणात असाल तर पुड्या दोन आणि पावसाळ्यानंतर बदला. एसएसडी वेगवान असते म्हणून ही कपाटातली प्रत तिच्यावर ठेवावी असं काही जण म्हणतात. मी ठेवत नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली, तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. रोज ऐकायला एसएसडी उत्तम, पेटीत बंद करायला फिरणारी डिस्क.

कामाचा क्रम विचाराल, तर जुन्या पाचही डिस्कवरचं सगळं आधी नव्या मूळ डिस्कवर पाच फोल्डरांत जसंच्या तसं उतरवा. तेवढ्याला २ टीबी कमी पडेल, म्हणून ती एक डिस्क ४ टीबीची घेतलेली बरी (पाचही डिस्कवरचा माल मिळून ४ टीबीच्या आत आहे ना, ते आधी बघा). ‘मागाहून बघू’ म्हणत जुन्या डिस्कवर काही सोडू नका आणि उतरवताना काही आवरूही नका. मग त्या पाच फोल्डरांतून एकेक गायक उचलून नीट लावत जा. फोल्डर रिकामा होत जाताना दिसतो, त्याने हुरूप येतो. जुन्या डिस्क सगळं लावून, प्रती घेऊन, एकदा तपासून होईपर्यंत पुसू नका.

आणि उरलेल्या दोनशे कॅसेटी. त्या उतरवताना प्रत्येकीच्या आतल्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. त्यावर वडिलांनी पेनाने जे लिहिलंय, खोडलंय, ‘साइड बी अपुरी’ म्हटलंय, ती जगात दुसरीकडे कुठेही नसलेली माहिती आहे. ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्या बाजूला काढा, आणि रविवारी संध्याकाळी वडिलांना शेजारी बसवून एकेकीची पहिली पाच मिनिटं लावा. तबल्यावर कोण आहे ते त्यांना ठेक्यावरून कळेल. तुम्ही फक्त रकाने भरा.